यरीहोची वाट आणि घड्याळाचा काटा

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आमच्या वाचकांना तोंडपाठ आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील ही कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली, सणाच्या रंगमंचावर मुलांनी केलेल्या नाटुकल्यांतून पाहिली आणि आम्ही धर्मगुरूंनी तर ती असंख्य वेळा वेदीवरून सांगितली. ती ऐकताना प्रत्येकाच्या मनात एक निवाडा आपोआप होऊन जातो. याजक व लेवी कठोर होते, शोमरोनी दयाळू होता. माणूस जसा आतून असतो तसा तो वागतो, हे आपण गृहीत धरलेले असते.

ह्याच गृहीताला जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हात घातला. 'यरुशलेमहून यरीहोकडे' अशा अर्थाचे शीर्षक असलेला त्यांचा निबंध १९७३ साली एका मान्यवर मानसशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निबंध लहान आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत त्याचा उल्लेख इतक्या ठिकाणी झाला आहे की, मूळ मजकूर न वाचताच त्याविषयी बोलणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तो मुळातून वाचून त्याचे मूल्यमापन करावे, असे आम्हांस वाटले. त्यातील माणसे पुढे उपदेशक होऊ घातलेली माणसे आहेत, हेही त्याचे एक कारण होय.

प्रयोग असा होता. १९७० सालच्या डिसेंबर महिन्यात न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरी ह्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या सेमिनरीतील विद्यार्थ्यांना एकेकटे बोलावण्यात आले. प्रत्येकाने एक छोटेसे भाषण करावयाचे होते. काहींना विषय दिला होता सेमिनरीच्या पदवीधरांना मिळणाऱ्या नोकऱ्यांचा, तर काहींना चक्क चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचा. भाषण शेजारच्या इमारतीत ध्वनिमुद्रित होणार होते. निघताना काही विद्यार्थ्यांना सांगण्यात आले की, तुम्हांला उशीर झाला आहे, लोक खोळंबले आहेत. काहींना सांगितले, आता निघा, वेळ झाली आहे. उरलेल्यांना सांगितले, अजून थोडा अवकाश आहे, पण हळूहळू जायला हरकत नाही. दोन इमारतींमधल्या गल्लीत एका दाराशी एक मनुष्य मान खाली घालून, डोळे मिटून बसला होता. विद्यार्थी जवळून जाताना तो दोनदा खोकला व कण्हला. तो अर्थातच संशोधकांनी बसवलेला होता. कोण थांबतो आणि कोण पुढे जातो, एवढेच त्यांना पाहावयाचे होते.

चाळीस विद्यार्थ्यांपैकी सोळा जणांनी काही ना काही मदत देऊ केली. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी ६३ टक्के, मध्यम घाईतील ४५ टक्के आणि ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी अवघे १० टक्के थांबले. विद्यार्थी कोणत्या विषयावर बोलावयास निघाला होता, ह्याने लक्षणीय फरक पडला नाही, असा निष्कर्ष लेखकांनी काढला. धर्माकडे पाहण्याचा त्यांचा दृष्टिकोनही प्रश्नावलीतून मोजला होता. कोण थांबेल हे त्यावरूनही सांगता येईना. शोमरोन्यावर बोलण्याच्या घाईत काही विद्यार्थी त्या मनुष्याला अक्षरशः ओलांडून गेले, अशी नोंद निबंधात आहे. हा प्रसंग वाचून आम्ही प्रथम हसलो आणि मग आमचे हसू जागच्या जागी थिजले.

परंतु परीक्षकाने केवळ हळहळून चालत नाही. निबंधात न्यून कोठे आहे, हेही पाहिले पाहिजे.

पहिले न्यून आकड्यांचे. टक्केवारी नेहमी भारदस्त दिसते. 'घाईत असलेल्यांपैकी दहा टक्के' ह्याचा अर्थ दहा जणांपैकी एक. सवड असलेल्यांचे ६३ टक्के म्हणजे आठांपैकी पाच. एखाद्या खेड्यातील एका आळीतही ह्याहून अधिक माणसे असतात. शिवाय अँथनी ग्रीनवॉल्ड ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली हेच आकडे पुन्हा तपासले. शोमरोन्याच्या दाखल्यावर बोलावयास निघालेल्यांपैकी ५३ टक्के थांबले होते, तर नोकऱ्यांवर बोलणाऱ्यांपैकी २९ टक्के. एवढ्या थोड्या माणसांत हा फरक योगायोगाचाही असू शकेल. पण म्हणून 'दाखल्याचा परिणाम होत नाही' असे म्हणण्याचा अधिकार मिळत नाही, असे ग्रीनवॉल्ड ह्यांचे म्हणणे. 'सिद्ध झाले नाही' आणि 'नाही असे सिद्ध झाले' ह्यांत मोठे अंतर आहे. मानसशास्त्राच्या क्षेत्रात ही सावधगिरी अलीकडे अधिकच गरजेची ठरली आहे. २०१५ साली शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा मूळ निष्कर्षाला स्पष्ट दुजोरा मिळाला तो जेमतेम ३६ टक्के प्रसंगी.

दुसरे न्यून आहे शास्त्रवाचनाचे आणि ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. याजक व लेवी ही मोठी, कामाच्या व्यापात बुडालेली माणसे असणार, त्यांना पुढच्या भेटीगाठींची घाई असणार, अशी कल्पना लेखकांनी केली आणि त्यावर घाईचा प्रयोग उभारला. लूक मात्र त्यांच्या मनात काय होते ह्याविषयी एक अक्षरही लिहीत नाही. उलट, याजक त्या वाटेने खाली उतरत होता, असे तो सांगतो. यरुशलेम डोंगरावर आहे, यरीहो खोल दरीत. सुमारे सव्वीस किलोमीटरच्या वाटेवर सुमारे एक हजार मीटरचा उतार आहे. खाली उतरणारा याजक मंदिराकडे निघालेला नव्हता. मंदिर त्याच्या पाठीमागे होते. सेवेला उशीर होईल, ही सबब त्याला देता आली नसती. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी १९६८ साली मृत्यूच्या आदल्या रात्री केलेल्या भाषणात त्या दोघांच्या न थांबण्याचे कारण भीती असावे, असे सुचवले होते. लुटारूंच्या त्या वाटेवर तेही संभवते. प्रभूने कारण मोकळे सोडले आहे, ते आपण प्रत्येकाने आपले कारण तेथे लिहावे म्हणूनच असेल.

आणि शोमरोन्याचे काय? तोही प्रवासीच होता. त्यालाही कोठेतरी पोहोचायचे होते. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्या मनुष्याला उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची काळजी घेतली. परंतु दुसऱ्या दिवशी दोन दीनार उतारशाळेच्या मालकाच्या हाती ठेवून आणि परत येताना उरलेला खर्च देण्याचे वचन देऊन तो आपल्या वाटेला लागला. त्याने आपले काम सोडून दिले नाही आणि जखमी मनुष्यालाही सोडले नाही. काम वाटून दिले. आपल्या प्रवचनांत दयेचा हा व्यवहारी भाग बहुधा वगळला जातो.

एवढी टीका केल्यावरही निबंधाचे खरे मोल उरतेच. ते आहे शेवटच्या चर्चेत, जिथे त्याचा उल्लेख करणारे फारसे पोहोचत नाहीत. न थांबलेले विद्यार्थी निर्दय होते, असे लेखक म्हणत नाहीत. घाईने काहींची दृष्टी आकसली. समोर दिसणारा मनुष्य अडचणीत आहे, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानातच आले नाही. काहींना ते कळले होते आणि ते अस्वस्थ होऊनच भाषणाला पोहोचले. पलीकडे कोणीतरी त्यांच्यावर विसंबून वाट पाहत होते. दोन कर्तव्यांच्या ओढाताणीत जवळच्या गरजवंतापेक्षा दूरच्या वचनाचा जोर अधिक ठरला. बॅटसन ह्यांनी स्वतः ईश्वरशास्त्राचे शिक्षण घेतले होते. ह्या न्यायबुद्धीत ते दिसून येते, असे आम्ही मानतो.

अशा निबंधातून लोकप्रिय लेखकांनी मात्र भलताच बोध काढला. माल्कम ग्लॅडवेल ह्यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ह्या प्रयोगाचा आधार घेऊन असे सुचवले की, माणसाच्या अंतरीच्या श्रद्धेपेक्षा त्या क्षणाची परिस्थितीच त्याचे वर्तन अधिक ठरवते. हे मान्य केले, तर पापनिवेदनाच्या वेळी आपण एवढेच म्हणावे की, 'फादर, परिस्थिती तशी होती.' हा बोध आम्हांस अमान्य आहे आणि निबंधातील एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळेच तो काढता येतो. प्रयोगातील घाई विद्यार्थ्यांची स्वतःची नव्हती. ती संशोधकांनी त्यांच्या गळ्यात घातली होती. आपल्या आयुष्यातील घाई बहुतेक वेळा आपली आपणच तयार केलेली असते.

येथे संत थॉमस अक्वायनस आमच्या मदतीला येतात. तेराव्या शतकात 'सुम्मा थिऑलॉजिए'त सुज्ञतेचे विवेचन करताना त्यांनी तिच्या विरुद्ध जाणाऱ्या दोषांत उतावळेपणाची गणना केली आहे. त्यांनी दिलेले रूपक पायऱ्यांचे आहे. मागच्या गोष्टींचे स्मरण, समोर असलेल्याचे आकलन, पुढे काय होईल ह्याचा अंदाज, एकाची दुसऱ्याशी तुलना आणि इतरांचा सल्ला ऐकण्याची तयारी, अशा पायऱ्यांनी माणसाने कृतीपर्यंत क्रमाने उतरावे. ह्या पायऱ्या न उतरता वरून एकदम खाली झेपावणे म्हणजे उतावळेपणा. पायऱ्या उतरायला वेळ लागतो. तो वेळ ऐन प्रसंगी कोठून आणणार? तो आधीच राखून ठेवलेला असावा लागतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे. थांबायचे की नाही, हा निर्णय आपण गल्लीतील त्या दाराशी घेतो, असे आपल्याला वाटते. वास्तविक तो कितीतरी आधी झालेला असतो. एका सकाळी तीन कामे स्वीकारताना तो होतो, दोन भेटींमध्ये पाच मिनिटेही न ठेवताना होतो, कोणालाही नकार न देण्याच्या हौसेपायी होतो. मानसशास्त्र जबाबदारी पुसून टाकत नाही. ती त्या क्षणापासून उचलून मागे, आदल्या रात्रीच्या वेळापत्रकावर नेऊन ठेवते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असे म्हणालो, तर ते खरे होणार नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात, सामान्य काळातील पंधराव्या रविवारी, ह्याच दाखल्याचे वाचन होते. पहाटेची मिस्सा उरकून आम्ही दुसऱ्या वाडीतील कपेलात त्याच दाखल्यावर प्रवचन करण्यासाठी निघालो होतो. पाऊस धो धो कोसळत होता. सॅक्रिस्टीच्या दाराशी एक वृद्ध मावशी छत्री मिटून उभ्या होत्या. 'फादर, जरा बोलायचं होतं,' त्या म्हणाल्या. आम्ही घड्याळाकडे पाहिले. 'मावशी, आता घाईत आहे, नंतर या हं,' एवढे बोलून आम्ही स्कूटर सुरू केली. कपेलात प्रवचन चांगले झाले, असे लोकांनी आम्हांस सांगितले. पुढच्या रविवारी त्या मावशी दिसल्या, तेव्हा आम्ही आपणहून चौकशी केली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'आता काही नाही, फादर.' त्यांना काय सांगायचे होते, ते आम्हांस आजवर कळलेले नाही.

त्या सकाळी आमच्या अंतःकरणात दया नव्हती, असे आम्हांस वाटत नाही. दोन मिस्सांमध्ये अर्ध्या तासाचेच अंतर ठेवावे, हे मात्र आम्हीच ठरवले होते, वर्षभरापूर्वी, पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत. त्या मावशींना नकार आम्ही त्या बैठकीतच देऊन ठेवला होता. आता ते अंतर एक तासाचे केले आहे. कपेलातील काही कुटुंबांना ते गैरसोयीचे झाले आणि त्यांची तक्रार रास्त आहे. पण तो अर्धा तास आम्ही सॅक्रिस्टीच्या दाराशी काढतो. पुष्कळदा कोणीच येत नाही.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२० सालच्या 'फ्रातेल्ली तुत्ती' ह्या परिपत्रकाचा एक संपूर्ण अध्याय ह्या दाखल्याला वाहिला आहे. जखमी मनुष्याला शोमरोन्याने दिलेल्या गोष्टींत स्वतःचा वेळ ही एक मोठी गोष्ट होती, ह्याकडे त्यांनी तेथे लक्ष वेधले आहे. डार्ली व बॅटसन ह्यांचा निबंध त्या अध्यायाच्या शेजारी ठेवून वाचावा. एक दुसऱ्याला खोटे ठरवत नाही. वेळ का द्यावा, हे परिपत्रक सांगते आणि तो देण्याच्या आड काय येते, हे निबंध दाखवतो.

रात्री झोपण्यापूर्वी आत्मपरीक्षण करण्याची जुनी रीत आपल्या अनेक घरांत अजून टिकून आहे. आज माझ्या हातून काय चुकले, असे आपण स्वतःला विचारतो. वाचकांनी त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालावी, अशी आमची विनंती आहे. उद्याच्या दिवसात मी कोणासाठीही न ठरवलेला थोडा वेळ ठेवला आहे काय? मुलाचा अभ्यास, आजारी शेजारी, दाराशी आलेले माणूस ह्यांपैकी कोणीही आधी वेळ मागून येत नाही. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या त्या मनुष्यानेही ती मागितली नव्हती.