प्लूटोची बखर

दूरच्या ग्रहाकडे यान धाडावयाचें म्हणजे अंतराबरोबर आयुष्याचीही मोजदाद करावी लागते. बेत सुचतो ऐन तारुण्यांत आणि त्याचें फळ दिसतें केस पिकल्यावर. ॲलन स्टर्न व डेव्हिड ग्रिनस्पून ह्या शास्त्रज्ञांनीं लिहिलेल्या 'चेसिंग न्यू होरायझन्स' ह्या २०१८ सालच्या इंग्रजी ग्रंथाचा खरा विषय हाच आहे, असें आम्हांस वाटतें. प्लूटोचें वर्णन त्यांत आहेच. पण ग्रंथ मिटल्यावर मनांत राहते ती प्रतीक्षा.

प्लूटोकडे यान पाठवावें ही खटपट १९८९ सालीं सुरू झाली. एकामागून एक बेत कागदावरच राहिले. २००० सालीं तर बरीच पुढें गेलेली योजना खर्चाच्या सबबीवर बंद पडली. अखेर २००१ च्या नोव्हेंबरांत नासानें 'न्यू होरायझन्स' मोहिमेची निवड केली, आणि मग एकाएकीं घाई उडाली. प्लूटो सूर्यापासून दूर दूर जात होता. त्याचें विरळ वातावरण गोठून जाईल अशी धास्ती होती. शिवाय २००६ च्या फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत यान निघालें, तरच गुरूच्या आकर्षणाचा लाभ मिळून वाटेंतलीं सुमारें तीन वर्षें वाचणार होतीं. बारा वर्षें ताटकळलेल्या मंडळीस चार वर्षांत यान सिद्ध करावें लागलें. १९ जानेवारी २००६ रोजीं तें उडालें.

समित्यांतील डावपेच, नकार आणि पुन्हा मांडलेला डाव हा भाग फारच चांगला उतरला आहे. मात्र स्टर्न हे मोहिमेचे प्रमुख, ग्रंथाचे नायक आणि सहलेखकही आहेत. त्यांचा उल्लेख तृतीय पुरुषीं केला असला, तरी बखरीचा धनीच बखरकाराशेजारीं बसला आहे हें विसरतां येत नाहीं. यान निघून सात महिने झाले नाहींत तोंच, २००६ च्या ऑगस्टांत, ज्योतिर्विदांच्या परिषदेनें प्लूटोचें नांव ग्रहांच्या यादींतून काढलें. त्या वादांत विरुद्ध पक्षाची बाजू येथें न्यायानें मांडली गेली आहे, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

दुसरी उणीव आम्हांस अधिक जाणवली. साडेनऊ वर्षांच्या प्रवासांत अर्ध्याहून अधिक काळ यान निजवून ठेवलें होतें. तीं वर्षें ग्रंथकारांनीं भेटीच्या आखणीनें आणि वाटेंतील धोक्यांच्या शोधानें भरलीं आहेत. पण यान निजलेलें असतां माणसांनीं रिकामें मन कसें सांभाळलें, घरांत काय बदललें, ह्याविषयीं त्या मानानें थोडेंच आहे. ४ जुलै २०१५ चा प्रसंग मात्र थरारक आहे. भेटीस दहा दिवस उरले असतां यान एकाएकीं मुकें झालें. निरोप पोंचण्यास साडेचार तास आणि उत्तर येण्यास तितकेच! तें सावरलें, आणि १४ जुलै रोजीं प्लूटोपासून सुमारें साडेबारा हजार किलोमीटरांवरून निघून गेलें. इतक्या वेगांत थांबण्याची सोयच नव्हती. टिपलेली सर्व माहिती पृथ्वीवर उतरण्यास पुढें २०१६ चा ऑक्टोबर उजाडला. म्हणजे पुन्हा प्रतीक्षाच.

१९३० सालीं प्लूटो शोधणारे क्लाइड टॉम्बॉ १९९७ त वारले. त्यांची थोडी रक्षा ह्या यानांत ठेवली होती. अशा प्रसंगीं निष्काम कर्माचें नांव घेण्याची आपल्याकडे चाल आहे. आम्हांस तें येथें लागू वाटत नाहीं. ह्या मंडळीनें फळाची आशा क्षणभरही सोडली नव्हती. त्यासाठीं ती भांडली, खचली आणि पुन्हा उभी राहिली. आशा न सोडतां धीर धरणें ही निष्कामतेहून निराळी, आणि कदाचित् अधिक कठीण, गोष्ट आहे. तिचें इतकें सविस्तर चित्र आमच्या वाचनांत क्वचितच आलें आहे. म्हणून सांगितलेले दोष ध्यानांत ठेवूनही हा ग्रंथ घरांतील तरुणांच्या हातीं द्यावा, आणि मग वडील मंडळींनीं तो स्वतःही वाचावा.