आंजर्ल्याचा गणपती : ‘आला’ आणि ‘आणला’

दापोली तालुक्यातील आंजर्ले येथील ‘कड्यावरचा गणपती’ मूळचा कड्यावरचा नव्हे, असे परंपरा सांगते. समुद्रकाठचे जुने देवालय पाण्याखाली गेले, तेव्हा देव टेकडीवर आला आणि येताना त्याचे पाऊल खडकावर उमटले, अशी ती कथा आहे. ते पाऊल आजही दाखविले जाते. या कथेचा विचार बहुधा दोनच प्रकारे होतो. एका पक्षी ती इतिहास म्हणून स्वीकारली जाते व मंदिराविषयी सांगितला जाणारा इ. स. ११५०च्या सुमाराचा काळ तिला जोडला जातो. दुसऱ्या पक्षी ती भाबडी कल्पना ठरते. कथेच्या वाक्यरचनेकडे मात्र दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष झालेले दिसते.

स्थलांतरित वास्तूचे एक प्रसिद्ध उदाहरण तुलनेस घेण्याजोगे आहे. ईजिप्तच्या तिसऱ्या थट्मोस राजाने हेलिओपोलिस येथे उभारलेले दोन सूचिस्तंभ ऑगस्टसच्या काळात अलेक्झांड्रियास नेण्यात आले. त्यांपैकी एक १८७८ मध्ये लंडनला, तर दुसरा १८८१ मध्ये न्यूयॉर्कला उभा राहिला. ‘क्लिओपात्राची सुई’ हे त्यांचे लोकप्रिय नाव. वस्तुतः ते अलेक्झांड्रियास आले ते त्या राणीच्या मृत्यूनंतर. नाव असे चुकले, तरी नेणाऱ्यांची नोंद राहिली. न्यूयॉर्कच्या स्तंभाखालील काशाच्या खेकड्यावर रोमन अधिकारी बार्बारस व स्थपती पाँटियस यांची नावे कोरलेली होती. लंडनच्या स्तंभाच्या प्रवासात १८७७ च्या वादळात बुडालेल्या सहा खलाशांची नावेही त्याच्या चौथऱ्यावर आहेत. येथे स्तंभ सर्वत्र कर्म आहे. कर्ता मनुष्य आहे.

आंजर्ल्यास याच्या उलट घडते. १७६८ ते १७८० या काळात मंदिराचा जीर्णोद्धार ‘केला’ असे सांगितले जाते, परंतु देव ‘आला’. इमारतीच्या वाक्यात माणसाला स्थान आहे, देवाच्या वाक्यात नाही. ‘आणणे’ या क्रियापदाला आणणारा लागतो. ‘येणे’ त्याला वगळते. हा भेद केवळ या कथेपुरता नाही. भाद्रपदात मूर्ती स्वतःच्या डोक्यावरून घरी आणणारा कोकणी गृहस्थही ‘गणपती आले’ असेच म्हणतो. मूर्ती कोणी आणली हे त्याला ठाऊक नसते असे नव्हे. देवाला कर्म करणे त्याच्या भाषेला रुचत नाही. तेव्हा ‘देव आला’ या वाक्यावरून मानवी श्रमाचा अभाव सिद्ध होत नाही, तसेच स्थलांतराचा काळही निघत नाही.

ग्रामनामाची चर्चाही अशीच सावधपणे करावयास हवी. ‘अजरालय’ या संस्कृत रूपापासून ‘आंजर्ले’ झाले, असे सांगतात. ‘मार्जार’पासून ‘मांजर’ हे उदाहरण आधारास घ्यावे, तर तेथे अनुस्वाराला ‘र्जा’ हे जोडाक्षर कारण आहे. ‘अजरालय’मध्ये तसे जोडाक्षर नाही. उलट ‘वेंगुर्ले’ यासारखे ‘-र्ले’ अंत असलेले दुसरे ग्रामनाम कोकणातच आहे. प्रचलित नावावरून संस्कृत रूप मागाहून घडविले गेले असण्याची शक्यता म्हणूनच अधिक वाटते.

कथा त्याज्य ठरते, असा याचा अर्थ नाही. समुद्र पुढे सरकला आणि वस्तीने आपले दैवत उंचावर नेले, ही आठवण तिच्यात असू शकेल. तिचा निर्णय किनाऱ्यावरील अवशेष व देवस्थानची कागदपत्रे यांवरूनच व्हावयास हवा. ते होईपर्यंत ‘आला’ या क्रियापदामागे कोण कोण उभे होते, हा प्रश्न अभ्यासकाने खुला ठेवावा.