ब्रह्मपुरीचे उत्खनन : एक पुनर्विचार

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये केलेल्या उत्खननाचा इंग्रजी वृत्तान्त डेक्कन कॉलेजने १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि कोल्हापूरच्या प्राचीनत्वाची चर्चा निघाली की या ग्रंथापेक्षा येथे सापडलेल्या पोसायडनच्या कांस्यमूर्तीचाच उल्लेख अधिक होतो, आणि रोमन व्यापारामुळे हे नगर उदयास आले, असे अनुमान काढले जाते. ते आम्हांस ग्राह्य वाटत नाही. परदेशी वस्तू घेणाऱ्याची ऐपत दाखविते. ती ऐपत कोठून आली, हे सांगत नाही.

त्याचे उत्तर सातवाहनकालीन थरांतील विटांच्या घरांत आणि ब्रह्मपुरीत मिळालेल्या कुर राजांच्या नाण्यांत शोधावे लागेल. एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्याने आपला ठसा उमटविलेला आढळतो. स्थानिक सत्ता व चलन यांचे सातत्य त्यातून स्पष्ट होते.

मात्र तत्कालीन पद्धतीस अनुसरून वृत्तान्तात वस्तूंचे वर्णन प्रकारवार केलेले असल्याने एकेका घराचे चित्र वाचकापुढे उभे राहत नाही. इनामगाव येथील उत्खननात (१९६८-८३) घरनिहाय अभ्यास झाला. म्हणूनच धान्यकोठाराशेजारचे पाच खोल्यांचे घर गावप्रमुखाचे असावे, असा तर्क करता आला. ब्रह्मपुरीच्या सामग्रीची अशी फेरमांडणी जितकी शक्य असेल तितकी व्हावयास हवी. नगराचा उदय मूर्तीवरून नव्हे, तर चुली, कोठारे व नाणी यांवरून समजून घ्यावयाचा असतो.