'घाशीराम'मधली रांग

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगभूमीवर आले. तेव्हापासून त्याच्याविषयी जेवढी भांडणे झाली, त्यांतली बहुतेक नाना फडणवीसांच्या अब्रूपायी झाली. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवले. कलावंतांनी १९७३ साली 'थिएटर अकॅडमी' स्थापून ते पुन्हा उभे केले. १९८० साली ते युरोपात निघाले तेव्हा परत तोच गदारोळ. नाना तसे होते की नव्हते, हे इतिहासकारांनी खुशाल ठरवावे. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे तेंडुलकरांनी सांगून ठेवलेच आहे. मला मात्र वाटते, या गलक्यात नाटकातले खरे पात्र आपल्या नजरेतून निसटले. ते पात्र म्हणजे रंगमंचावर ओळीने उभी राहणारी ती माणसे.

मोठी विलक्षण रांग आहे ही. भजन म्हणते, डोलते, ताल धरते. काही झाकायचे झाले की पाठ फिरवते आणि तिची भिंत होते. परक्या मुलखातून आलेल्या घाशीरामावर चोरीचा आळ येतो, त्याला बडवतात, तेव्हा कोणी हूं की चूं करीत नाही. तोच घाशीराम पोटची पोर नानांच्या हवाली करून कोतवाली मिळवतो. रांग सारे जाणते, आणि गाते. मग परवाने सुरू होतात. रात्री घराबाहेर पडायलाही परवाना! रांग कुरकुरते, पण परवाना काढते. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, आणि ते इतके गोड की प्रेक्षकाचा पायही नकळत ठेका धरतो. क्रौर्य असे देखणे करावे काय, असे काही रसिक विचारतात. करावे, असे माझे मत आहे. जुलमी राजवट नुसत्या चाबकावर चालत नाही. तिला टाळमृदंगही लागतात. ठेका धरलेला आपला पाय आपल्याच दृष्टीस पडावा, एवढ्यासाठी हा सारा थाट आहे.

शेवटी कोठडीत ब्राह्मण गुदमरून मरतात, लोक वाड्यावर चालून जातात, आणि नाना एका सहीनिशी घाशीरामाला त्यांच्या स्वाधीन करतात. खरा घाशीरामही १७९१ साली असाच दगडांखाली मेला. येथे प्रेक्षकाला हायसे वाटते. पण जरा हिशेब करून पाहा. ज्या हाताने नेमणूक लिहिली, त्याच हाताने मृत्यूची आज्ञा लिहिली. चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही, आणि नेमणाऱ्याला जाब विचारणारा तर कोणीच नाही. उद्या दुसरा कोतवाल नेमायला नाना मोकळे! लोकांच्या हाती दगड आले, सत्ता आली नाही.

या नाटकानंतर अडीच वर्षांनी, २५ जून १९७५ रोजी, देशात आणीबाणी पुकारली गेली. विरोधी पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, आणि गाड्या वेळेवर धावतात म्हणून माना डोलावणारी एक रांग आपल्यातही उभी राहिली. पण मार्च १९७७ मध्ये मतदार निमूटपणे केंद्रावर गेले आणि त्यांनी खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींना रायबरेलीत पाडले. कोतवालाला नव्हे, नेमणाऱ्याला! एक दगड उचलावा लागला नाही. (१९८० साली देशाने त्यांनाच परत सत्तेवर बसवले. कोणाला रुचो न रुचो, तोही लोकांचाच अधिकार.)

अलीकडे 'खटले कशाला चालवता, जागच्या जागी निकाल लावा' ही भाषा चांगल्या घरांतून, फराळाच्या ताटावरसुद्धा, ऐकू येते. ती ऐकली की मला नानांचा तो सहीचा कागद आठवतो.

नाटकाविषयी माझी तक्रार एकच. घाशीरामाचे प्रेत पडलेले असते, नाना उत्सव जाहीर करतात, आणि रांग पुन्हा नाचू लागते. तेथे एकाचा तरी पाय अडखळायला हवा होता. पुस्तक वाचताना दर वेळी मी त्याची वाट पाहतो.