वेडा म्हणणारं गाव

म्हाइंभटांच्या नावावर असलेलं गोविंदप्रभूंचं चरित्र बहुतेक जण ‘लीळाचरित्रा’ची पुरवणी समजून बाजूला ठेवतात. शाळा-कॉलेजात तर तेवढंही नाही. चक्रधरांचे गुरू, मुक्काम रिद्धपूर, एक मार्क, संपलं. मी अकोल्याचा, इंजिनिअरिंग अमरावतीला केलं, आणि रिद्धपूर तिथून मोर्शी तालुक्यात, एसटीनं जाऊन-येऊन अर्ध्या दिवसाचं काम. तरी वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेलं हे पुस्तक मी वाचलं ते नोकरीला लागल्यावर. तेराव्या शतकातलं एक वऱ्हाडी गाव एका माणसाबद्दल मत कसं बनवतं, याची इतकी बारीक नोंद मला मराठीत दुसरीकडे भेटलेली नाही.

माणूस असा. काटसुऱ्याचा ब्राह्मण, लहानपणीच आईबाप गेलेले, नातेवाइकांनी रिद्धपूरला आणून वाढवलेला. तो कुणाच्याही घरात शिरतो, दिसेल ते खातो, देवळातल्या मूर्तींशी खेळतो, मनात येईल त्याला शिव्या घालतो. अस्पृश्यांच्या घरी जातो आणि तिथून उठून ब्राह्मणांच्याही घरी जातो. गावाचं निदान ठरलेलं आहे: येडा झाला. पण अडीनडीला हेच गाव त्याच्याकडे धाव घेतं, आणि तेव्हा तोच त्यांची माय असतो, तोच बाप असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येडा.

या दोन मतांचं काय करायचं, हा या पुस्तकाच्या वाचनातला खरा पेच आहे. श्रद्धेनं वाचणारा म्हणतो, तो ईश्वरच होता, वेड हे नुसतं दिसणं. लोकांना कळलं नाही. आजचा वाचक दुसऱ्या टोकाला जातो. लक्षणं मोजतो, एखाद्या आजाराचं नाव चिकटवतो आणि ‘माय-बाप’ हा भोळेपणा म्हणून सोडून देतो. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 1984 साली या चरित्राचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, त्यात वेडेपण आणि ईश्वरपण एकत्रच विचारात घेतलं आहे. आपल्याकडच्या चर्चेत ते फारसं उतरलं नाही. वरचे दोन्ही वाचक एकमेकांचे विरोधक वाटतात, पण दोघांची खोड एकच. गावाच्या एका मताला खरं आणि दुसऱ्याला चूक ठरवल्याशिवाय त्यांना पुढचं पान उलटता येत नाही.

पुस्तक स्वतः मात्र तसं करत नाही. हे नीट दिसायला वऱ्हाडातलंच दुसरं चरित्र शेजारी ठेवावं. दासगणूंचा ‘श्रीगजानन विजय’ 1939 सालचा, आमच्याकडे घरोघरी पारायणात असलेला. तिथेही सुरुवात अशीच आहे: 1878 साली शेगावला (तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होतं) उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाणारा एक माणूस दिसतो. पुढे अकोटजवळच्या अकोलीच्या शिवारात भास्कर पाटील या शेतकऱ्याकडे महाराज पाणी मागतात. धडधाकट माणूस, कष्ट करायला नको, असं म्हणून तो पाणी नाकारतो. मग कोरड्या विहिरीला पाणी लागतं आणि भास्कर पायावर लोळण घेतो, तो कायमचा. दासगणूंच्या रचनेत शंका ही पायरी आहे. माणूस चुकीचं मत घेऊन येतो, चमत्कार होतो, मत दुरुस्त होतं. ग्रंथाची गोडी त्यातच आहे हे मला मान्य आहे. पण शंका घेणाऱ्याच्या नशिबी काय आहे हे दोन-तीन अध्यायांनंतर वाचकाला आधीच कळायला लागतं.

विहीर गोविंदप्रभूंच्या चरित्रातही आहे. पाण्यावाचून हाल होणारे मातंग विनवणी करतात आणि त्यांच्यासाठी विहीर होते. पण त्यानं रिद्धपूरचं मत दुरुस्त होत नाही. पुढच्या प्रसंगांत गाव पुन्हा त्याच शब्दावर येतं. म्हाइंभटांची निष्ठा पक्की आहे; त्यांच्यापुरता निकाल लागलेला आहे. तरी ज्यांना तो पटला नाही त्यांचा शब्द ते वारंवार, चिडचिड न करता, टिपून ठेवतात. पंडिताईच्या ताठ्यात चक्रधरांशी वाद घालायला गेलेला हा माणूस. त्यानं दुसऱ्याच्या मताला एवढी जागा द्यावी, हे मला त्याच्या भक्तीपेक्षाही मोठं वाटतं.

आमच्या धंद्यात एखाद्याबद्दल मत बनवायला पाऊण तास मिळतो. मुलाखत झाली की फॉर्म भरायचा: घ्यायचं की नाही, आणि तुमची खात्री किती, एक ते चार. खात्री ‘एक’ लिहिणारा मी अजून पाहिला नाही, कारण तो आकडा उमेदवाराबद्दल नाही, मुलाखत घेणाऱ्याबद्दल वाचला जातो. मग सगळे एकत्र बसतात, पहिला बोलेल त्याच्याकडे बाकीचे सरकतात, आणि शेवटी फॉर्मवर एकच वाक्य उरतं. कोडमध्ये आम्ही उडवलेली ओळही इतिहासात जपतो. माणसांच्या बाबतीत नाही.

महानुभावांच्या पोथ्यांत ही सोय आहे. लीळाचरित्रात एकच प्रसंग वेगळ्या तऱ्हेनं सांगितला गेला असेल तर तो फरक ‘वासना’ म्हणून तिथेच नोंदवतात; तोंडपाठ परंपरेतल्या एका पाठाला तर हिराइसा या बाईचं नाव आहे. मूळ पोथी हरवली, आठवणीवरून पुन्हा लिहावी लागली, त्यामुळे पाठ वाढले हे खरं. पण वाढलेले पाठ छाटून एकच ‘बरोबर’ पाठ करणं सोपं होतं, आणि अधिकाराचंही झालं असतं.

इथवर लिहिलं ते पुस्तकाबद्दल. गावाबद्दल मी इतका उदार नाही. एका माणसाला येडाही म्हणायचं आणि बापही म्हणायचं, हा रिद्धपूरचा मनाचा मोठेपणा असेल असं मला वाटत नाही. कुठलंच मत धरून त्यांना काही गमवावं लागत नव्हतं. येडा म्हटलं की त्याचं वागणं मनावर घ्यायला नको: तो अस्पृश्यांकडे जेवून आला तर तो वेडाचा भाग, त्यातून आपल्या पंगतीबद्दल काही विचारायला नको. बाप म्हटलं की गरज भागते. शिवाय जातीनं ब्राह्मण असलेल्याचं वेड गाव एवढं सोसतं. हेच वागणं विहीर मागायला आलेल्या मातंगांपैकी कुणी केलं असतं, कुणाच्याही चुलीपाशी जाऊन जेवायला बसला असता, तर त्याला दोन नावं मिळाली असती का? चरित्रात ‘गाव’ म्हणून जे बोलतं त्यात विहिरीवर जाता येणारे किती आणि न येणारे किती, हे वेगळं करणं अवघड आहे. 2024 पासून रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ भरतंय. कुणीतरी तिथे बसून लीळा क्रमानं घ्याव्यात आणि नुसतं एवढंच मांडावं: येडा हा शब्द दर वेळी कुणाच्या तोंडी आहे, आणि तो उच्चारताना बोलणारा उंबऱ्याच्या आत उभा आहे की बाहेर.