खोपटं आणि गाणं

‘बॉन इव्हेर’ या नावाने गाणाऱ्या जस्टिन व्हर्नॉनचा ‘फॉर एमा, फॉरेव्हर अगो’ हा अल्बम २००८ साली सगळीकडे पोचला आणि समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. बँड मोडला, प्रेम मोडलं, आजारपण आलं, मग विस्कॉन्सिनच्या जंगलात वडिलांच्या लाकडी खोपटात एका हिवाळ्यात त्याने एकट्यानेच बहुतेक गाणी रेकॉर्ड केली. परीक्षणात हे खोपटं यायचंच.

मला हा अल्बम फारसा भावत नाही. त्याने आधी नुसते स्वर गायले, शब्द मागाहून बसवले, याबद्दल माझी तक्रार नाही. आलापात तरी शब्द कुठे असतात? पण आलाप पुढे सरकतो. इथे एकावर एक चढवलेला तोच बारीक आवाज गाण्यामागून गाणं जागच्या जागी रेंगाळतो. ‘स्किनी लव्ह’मध्ये मात्र तो फाटतो, आणि ते गाणं मला मनापासून आवडतं.

आम्हा इंदूरकरांना देवास जवळ. तिथे क्षयामुळे कुमार गंधर्वांना काही वर्षं गाता आलं नव्हतं. त्यांचं निर्गुणी भजन ऐकणाऱ्याला ही हकीकत ठाऊक नसली तरी काही अडत नाही. खोपटं बाजूला ठेवलं तर ‘एमा’त किती उरतं, तेही कुणी सांगावं ना!

“आवड ज्याची त्याची” म्हणून मी विषय मिटवणार नाही. आमच्यात अनेकांत शिकवतात. सगळी मतं सारखीच, असा त्याचा अर्थ नव्हे; आपण कुठे उभं राहून बोलतोय ते आधी सांगावं, असा आहे. समीक्षक गाणं कसं घडलं तिथून बोलतात, मी ते कानावर कसं पडतं तिथून. त्यांनी एवढं कबूल केलं, तर भांडण निम्मं मिटेल.