आवडनिवड, मत आणि समीक्षा

एखादे पुस्तक, गाणे वा मालिका ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ असे म्हणण्याचा हक्क सर्वांनाच आहे. आपल्या समाजाला तो फार उशिरा मिळाला. ज्यांच्या आजोबांच्या हाती पाटी येऊ दिली गेली नाही, त्यांच्या नातवंडांनी ग्रंथांवर मत द्यावे, ही एक सामाजिक घटनाच आहे. परंतु मत म्हणजे समीक्षा नव्हे. मताला कारण जोडले की समीक्षेला सुरुवात होते. आज आपल्या बैठकांत आणि वर्गांत मतांचा सुकाळ आहे. कारणांचा मात्र दुष्काळ आहे.

१९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. पांढरपेशा वाचक हादरले. आपल्यातल्या काहींना घरची लक्तरे वेशीवर टांगल्यासारखी वाटली. दोन्ही मते वाचकाच्या मनःस्थितीविषयी सांगतात, पुस्तकाविषयी फारसे सांगत नाहीत. या आत्मकथनात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची अशी दोन माणसे लेखकाने का केली? शिकलेला माणूस वस्तीतल्या स्वतःपासून किती तुटतो, हे या रचनेतून उघड होते. ही तुटलेपणाची वेदना पहिल्या पिढीच्या प्रत्येक पदवीधराची आहे. हे दाखवून देणे, ही समीक्षा.

संगीताचेही तसेच. भीमगीते ‘कर्कश’ आहेत, हा शेरा जुनाच आहे. वामनदादा कर्डकांचे (१९२२-२००४) गाणे दिवाणखान्यासाठी नव्हते. ते उघड्या चौकात, शेवटच्या रांगेतल्या निरक्षर म्हातारीपर्यंत पोचायचे होते. चढा सूर, कोरस आणि पुन्हा पुन्हा येणारे ध्रुपद ही त्या कामाची साधने होत. मात्र हाच निकष आजच्या डीजेवरच्या गाण्यालाही लावला पाहिजे. ठेका उरला आणि शब्द ऐकूच येईनासे झाले, तर ‘आपले गाणे’ म्हणून त्याला सूट देता येणार नाही.

२०१९-२० मध्ये दूरचित्रवाणीवर बाबासाहेबांवरील मराठी मालिका घरोघरी पाहिली गेली. ‘डोळ्यांत पाणी आले’ हा बहुतेकांचा अभिप्राय. अश्रू खोटे नव्हते. पण रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ पडद्यावर किती वेळ दिसला आणि सोसणारा नायक किती वेळ दिसला, हे कुणी मोजले? विचारवंताचे केवळ भावनेत रूपांतर होणे आपल्या चळवळीला परवडणारे नाही.

पुस्तकाविषयीचे उथळ मत फार तर वाद निर्माण करते. आरोग्याविषयीचे तसे मत जीव घेते. विदर्भातील आदिवासी आणि दलित वस्त्यांत सिकलसेल आजार आहे. त्याविषयीची बातमी वाचून कुणी म्हणते ‘आपल्या जातीचाच रोग’, कुणी म्हणते ‘नशीब’. वस्तुस्थिती वेगळी आहे. हा रक्तदोष आफ्रिका, अरबस्तान आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांतही आढळतो. वाहकाला हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत तो टिकला. वाहकाला सहसा त्रास होत नाही. पण आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. जातीतल्या जातीत लग्ने होत राहिली की दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधात जातिसंस्थेचे मूळ ज्या सजातीय विवाहात दाखवले, तोच येथे रक्तातही आपला हिशेब मांडतो. म्हणून लग्नाआधी पत्रिका पाहण्याऐवजी रक्त तपासणे शहाणपणाचे आहे.

पुस्तक असो वा रक्ततपासणी, ‘हे कशावरून?’ हा प्रश्न एकच आहे. ज्या व्यवस्थेने आपल्या पूर्वजांना माणूसपण नाकारले, तिने त्याचे कारण कधी दिले नाही. निव्वळ मत दिले. त्या मताखाली पिढ्या भरडल्या गेल्या. म्हणून विद्यार्थ्याने, कार्यकर्त्याने आणि शिक्षकाने आपले मत जरूर मांडावे, पण त्याच दमात त्याचे कारणही मांडावे.